सिगार सरळ का जळत नाही? कोल्हापूरच्या हवेत पानाची ओल सांभाळताना

आषाढ लागला की कोल्हापुरात मिठाच्या भांड्यातले मीठ चमच्याला चिकटू लागते, डब्यातले पापड सादळतात आणि गुळाच्या रव्याला पाणी सुटते. चैत्रात त्याच घरात उलटा प्रकार असतो. पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेली लाकडी दारे आकसून सैल होतात आणि वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात. अशा घरात कोणी परदेशातून आणलेला सिगारचा खोका ठेवला असेल, तर आतल्या तंबाखूच्या पानांचेही वर्षभर हेच चाललेले असते. फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते पेटवल्यावर, म्हणजे जेव्हा एक बाजू भराभर राख होत जाते आणि दुसरी बाजू न पेटता होडीच्या काठासारखी उभी राहते. अशा वेळी दोष बहुधा सिगार वळणाऱ्याच्या माथी मारला जातो. काही वेळा तो खरोखर त्याचा असतोही. परंतु पुष्कळदा तो घरातल्या साठवणुकीचा असतो, आणि साठवणुकीबद्दलचे जे सल्ले आपल्यापर्यंत पोहोचतात ते कोरड्या, थंड देशांतल्या घरांसाठी दिलेले असल्यामुळे कोल्हापुरात ते निम्मे वर्ष उलटे पडतात.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, आणि चांगली साठवण केल्याने तो तसूभरही कमी होत नाही. हा लेख केवळ पान, पाणी आणि विस्तव यांच्या नात्याविषयी आहे.

तंबाखूची ओल हा विषय आपल्या भागाला परका नाही. कोल्हापूरहून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीची पेठच मुळी विडीच्या तंबाखूवर उभी राहिली, आणि त्या परिसरातला शेतकरी वाळलेले पान पहाटेच्या दवाने मऊ पडल्यावरच हाताळतो, कारण उन्हात कडक झालेल्या पानाचा हात लावताच चुरा होतो. ‘चिरूट’ हा आपला जुना शब्दही तमिळमधल्या ‘सुरुट्टु’ या, गुंडाळी अशा अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. मात्र दक्षिणेतला पारंपरिक चिरूट काय किंवा डच पद्धतीचा कोरडा सिगार काय, ते मुळातच कोरडे ओढायचे असतात आणि त्यांना ओल सांभाळणाऱ्या पेटीची गरज नसते. इथे विचार करायचा आहे तो क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा, होंडुरास अशा देशांतल्या, सबंध पानांपासून हाताने वळलेल्या सिगारचा.

अशा सिगारचे तीन भाग असतात. मध्ये लांब पानांच्या घड्यांचा गाभा, त्याभोवती तो आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत बाहेर पातळ, देखणे वेष्टणाचे पान. गाभ्यातली पानेही एका जातीची नसतात. झाडाच्या शेंड्याकडे ऊन भरपूर लागलेले जाड, तेलकट पान सावकाश जळते; बुंध्याकडचे पातळ पान चटकन पेट घेते आणि विस्तव धरून ठेवते. वळणारा कारागीर सावकाश जळणारे पान बरोबर मधोमध ठेवतो, म्हणजे निखारा मधून किंचित पुढे आलेल्या शंकूसारखा राहतो आणि कडा त्याच्याबरोबर सरकत जातात. याचा अर्थ असा की सिगारचे जळणे ही वेगवेगळ्या वेगांची जुळवून आणलेली बेरीज असते. कारागिराने ती पानांच्या एका ठरावीक ओलीवर जुळवलेली असते, आणि ओल बदलली की सर्व पानांचे वेग सारख्या प्रमाणात बदलत नाहीत.

ओलीचा जळण्याशी संबंध कसा येतो ते थोड्या आकडेमोडीने पाहू. बारा ग्रॅम वजनाच्या सिगारमध्ये वजनाच्या १३ टक्के पाणी आहे असे धरले, तर ते सुमारे १.५६ ग्रॅम होते. हाच सिगार सादळून त्यातले पाणी १६ टक्क्यांवर गेले, तर ते जवळपास २ ग्रॅम होते. वाढ अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, म्हणजे आठ-नऊ थेंबांची. पण पाण्याला वाफ होण्यासाठी उष्णता फार लागते. उकळबिंदूवर असलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळपास २,२६० ज्यूल खर्च होतात, आणि तेवढ्याच पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला फक्त ४.२ ज्यूल पुरतात. निखाऱ्यापुढच्या पानातले पाणी उडाल्याखेरीज ते पान पेटत नाही. त्यामुळे ओले पान निखाऱ्याची उष्णता खाऊन टाकते, विस्तव मंदावतो, ओढणारा जोर लावून झुरके घेतो आणि धूर तिखट, जड होतो. उलट फार कोरडे पान निखाऱ्याला अडवतच नाही. सिगार तापतो, भराभर संपतो, आणि सुगंधी तेलांचा अंश धुराबरोबर चवीला येण्याआधीच जळून जातो. ओल्या लाकडाची चूल धुमसते आणि वाळक्या पाचटाचा भडका उडतो, हे ज्याने गुऱ्हाळावर पाहिले आहे त्याला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

मात्र येथे एक बारकावा आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. सिगार थोडा अधिक ओला किंवा थोडा अधिक कोरडा असला, पण सगळीकडून सारखाच असला, तर तो मंद किंवा जलद जळेल. वाकडा जळेलच असे नाही. वाकडा जळतो तो एका बाजूची ओल दुसरीपेक्षा वेगळी असल्यामुळे. खोक्याच्या एका कोपऱ्यात ओला स्पंज ठेवला आणि त्याला लागून असलेला सिगार महिनाभर कुशीवर तसाच पडून राहिला, तर स्पंजाकडची बाजू जड होते. पेटवल्यावर ती मागे राहते आणि होडी तयार होते. बाहेरचे वेष्टण दमट आणि गाभा कोरडा असेल, तर मधला विस्तव आतल्या आत पुढे पळतो, बाहेरचे पान तसेच राहते आणि पोकळ बोगदा पडतो. उलट गाभा ओला आणि वेष्टण कोरडे असेल, तर वेष्टण आकसते आणि आतून फुगलेल्या गाभ्यावर ताणले जाऊन उभे चिरते. या तिन्ही प्रकारांत आर्द्रतामापकाचा काटा कदाचित अगदी योग्य आकड्यावरच असेल. म्हणून आकड्यापेक्षा सारखेपणाला, आणि सारखेपणासाठी स्थैर्याला, अधिक महत्त्व द्यावे असे माझे मत आहे.

आता तो आकडा म्हणजे काय ते पाहू. आर्द्रता ६५ टक्के आहे असे म्हणतो तेव्हा हवेत ६५ टक्के पाणी आहे असा त्याचा अर्थ नसतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प मावू शकते, त्याच्या ६५ टक्के बाष्प सध्या आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. मावण्याची ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, २५ अंशांना २३ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम, आणि ३६ अंशांना जवळपास ४२ ग्रॅम. समजा, मार्चमधल्या एका पहाटे कोल्हापुरात २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे; म्हणजे घनमीटरमागे साधारण १० ग्रॅम बाष्प आहे. दुपारी पारा ३६ अंशांवर गेला आणि हवेतले बाष्प तेवढेच राहिले, तर आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतून पाण्याचा एक थेंबही कोणी काढून नेलेला नाही, तरी पहाटे जी हवा पानाला सुखावणारी होती तीच दुपारी त्यातला ओलावा शोषून घेऊ लागते. उघड्यावर ठेवलेला सिगार दररोज असा खाली-वर होत राहतो.

पान हवेशी देवघेव करते. त्यातल्या पाण्याचा दाब बाहेरच्या बाष्पाच्या दाबाशी बरोबरीला येईपर्यंत ते पाणी घेते किंवा सोडते, आणि मग थांबते. ही बरोबरी साधायला किती वेळ लागतो, हे मात्र पान कुठे आहे त्यावर ठरते. वेष्टणाच्या पातळ पानाला काही तास पुरतात. घट्ट वळलेल्या जाड सिगारच्या गाभ्याला काही आठवडे लागतात. काल ओल्या डब्यातून काढून आज कोरड्या डब्यात ठेवलेला सिगार बोटांना ठीक लागतो तो याचमुळे. बोटे फक्त वेष्टणाला विचारतात, गाभ्याला नाही. त्यातच पानाला एक प्रकारची आठवणही असते. ओलाव्याकडून सुकत ६५ टक्क्यांवर आलेले पान, कोरडेपणातून ओल घेत त्याच ६५ टक्क्यांवर पोहोचलेल्या पानापेक्षा किंचित अधिक पाणी धरून राहते. एकाच डब्यातले, एकाच आकड्यावरचे दोन सिगार वेगवेगळे जळण्याचे हे एक खरे कारण आहे, आणि त्यावर वेळ जाऊ देण्यापलीकडे फारसा उपाय नाही.

डब्यात हवा मुख्य की पान, हा प्रश्नही पुष्कळांच्या मनात उलटा बसलेला असतो. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत, २५ अंश तापमानाला आणि ६५ टक्के आर्द्रतेला, जेमतेम ०.१५ ग्रॅम बाष्प असते. त्याच डब्यातल्या बारा-बारा ग्रॅमच्या पन्नास सिगारमध्ये ७५ ग्रॅमच्या आसपास पाणी असते, म्हणजे हवेतल्यापेक्षा पाचशेपट. भरलेल्या डब्यात हवेची आर्द्रता पानेच ठरवत असतात. झाकण उघडल्याबरोबर काटा दहा अंक खाली आला म्हणून घाबरून पाणी घालण्याचे कारण नसते; झाकण लावल्यावर पाने काही वेळात तो पूर्ववत करतात आणि त्यात त्यांचे काही मिलिग्रॅमच पाणी खर्ची पडते. रिकामा किंवा अर्धा भरलेला डबा मात्र चंचल असतो. पाच सिगारसाठी मोठी पेटी विकत घेणे हा हौसेचा भाग झाला. सिगारच्या हिताचा नव्हे.

आकडा किती ठेवावा याबद्दल जगभर मते आहेत. ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस, आणि ७० टक्के आर्द्रता हा जुना, तोंडपाठ झालेला नियम आहे. अलीकडे बरेच जण ६५ ते ६९ पसंत करतात, आणि क्युबन सिगार ६२ ते ६५ वर अधिक चांगले जळतात असे मानणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. माझ्या मते कोल्हापुरात ६५ च्या वर जाण्याचे काही कारण नाही. वातानुकूलित खोली नसेल तर आपल्याकडे वर्षातला बराच काळ घरातले तापमान २१ च्या पुष्कळ वर असते, आणि उष्ण हवेत ७० टक्क्यांवर बुरशी आणि किडा दोन्हींना अधिक वाव मिळतो. शिवाय ६५ वर चुकून चार अंक वर गेले तरी तोल सावरता येतो. ७२ वर तेवढीच चूक झाली तर आपण ७६ वर, म्हणजे बुरशीच्या अंगणात, पोहोचतो.

माझी स्वतःची पहिली चूक याच जातीची होती. मित्राने आणून दिलेला पंचवीस सिगारचा खोका मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका लाकडी पेटीत ठेवला आणि सोबतच्या पत्रकातल्या सूचनेप्रमाणे आतला स्पंज उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवला. पत्रक जिथे लिहिले गेले तिथे हिवाळ्यात घरे तापवलेली असतात आणि आतली हवा कोरडी खडखडीत असते. तिथे पेटीला बाहेरून पाणी देत राहावे लागते. कोल्हापुरात त्या आठवड्यात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर आले होते आणि घरातल्या हवेची आर्द्रता नव्वदीला टेकली होती. पेटीची फट आधीच बाहेरची ओल आत घेत होती, त्यात माझा स्पंज. नागपंचमीपर्यंत सात सिगारच्या पायथ्याला, म्हणजे पेटवायच्या टोकाला, हिरवट-पांढरी बुरशी धरली, आणि उरलेल्यांपैकी एकही शेवटपर्यंत सरळ जळला नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा पेटीला पाणी देण्याचा काळ नसून पाण्यापासून वाचवण्याचा काळ असतो, हे मला त्या खोक्याने शिकवले. तापवलेले साधे पाणी वापरणे ही त्यातलीच दुसरी चूक, कारण उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत आणि स्पंजाची छिद्रे हळूहळू बुजतात. वापरायचेच तर बॅटरीसाठी मिळते तसले, पण खात्रीचे, ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

काट्यावर विसंबण्याआधी काटा तपासणे आवश्यक असते. केसाच्या ताणावर चालणारा आर्द्रतामापक स्विस शास्त्रज्ञ ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७८३ मध्ये मांडला. आज मात्र पेट्यांच्या झाकणात बसवलेले स्वस्त गोल काटे बहुतेक स्प्रिंगवर चालतात आणि त्यांत पाच-सात अंकांची चूक सहज असते. आकडी मापक तुलनेने बरे, पण त्यांनाही परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेचे साहित्य प्रत्येक स्वयंपाकघरात असते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंब-थेंब पाणी टाकावे, म्हणजे ते ओल्या वाळूसारखे होईल. वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात एक दिवस-रात्र ठेवावे. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार अंक कमी दाखवतो हे लक्षात ठेवून पुढे वाचन करावे.

हे ७५ कुठून येतात, ते समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात मीठ विरघळले की पाण्याची उडून जाण्याची प्रवृत्ती कमी होते, आणि पाण्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही इतके ते संपृक्त झाले की ही प्रवृत्ती एका ठरावीक पातळीवर अडकते. हवा त्याहून दमट झाली तर द्रावण पाणी शोषते. ते पातळ होऊ पाहते तोच शिल्लक राहिलेल्या मिठाचे खडे विरघळून ते पुन्हा संपृक्त करतात. हवा कोरडी झाली तर पाणी उडते आणि तेवढे मीठ पुन्हा खड्यांच्या रूपात बाहेर पडते. जोवर खडे आणि द्रावण दोन्ही शिल्लक आहेत, तोवर ही पातळी ढळत नाही. प्रत्येक क्षाराची पातळी वेगळी असते. मॅग्नेशियम क्लोराइडची ३३ टक्क्यांच्या आसपास, पोटॅशियम क्लोराइडची ८४ ते ८५ च्या आसपास. बाजारात ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेली जी दुहेरी पाकिटे मिळतात, ज्यांत बोव्हेडा हे नाव विशेष प्रचलित आहे, त्यांच्या आत याच तत्त्वावर चालणारी क्षारांची द्रावणे असतात आणि पाकिटाची त्वचा फक्त बाष्पाला ये-जा करू देते. म्हणजे ती हवेला पाणी देतातही आणि हवेतले पाणी घेतातही. कोल्हापूरसाठी ‘घेतात’ हा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे.

यातूनच एक फुकटचा मापक हाती लागतो. जेवणाच्या टेबलावरचे शुद्ध, बारीक मीठ ओलसर दिसू लागले की खोलीतली आर्द्रता ७५ च्या वर गेली आहे असे खुशाल समजावे. खडे मीठ मात्र या कामाला घेऊ नये. त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ते बरेच आधी सादळते. टेबलावरचे मीठ ओले असेल त्या दिवसांत पेटी कमीत कमी वेळा उघडावी, आणि आत केवळ पाणी सोडणारा स्पंज किंवा जेल असेल तर ते सरळ काढून ठेवावे. पाकिटालाही मर्यादा असते. साठ ग्रॅमचे एक पाकीट साधारण पंचवीस सिगारच्या जागेसाठी धरले जाते, पण फट असलेल्या पेटीत पावसाळ्यात ते खोलीभरची ओल पिऊ लागते, टम्म फुगते आणि त्यातले खडे विरघळून संपले की त्याचा आकडा सुटतो. पाकीट तपासायचे ते वजन करून आणि बोटांनी चाचपून. आत रवाळ काहीच लागत नसेल तर त्याचे काम संपलेले असते. औषधांच्या बाटलीत असते तसली सिलिका जेलची पुडी मात्र आत टाकू नये. ती ६५ ला थांबत नाही. मिळेल तितके पाणी ओढत राहते आणि तिला लागून असलेले वेष्टण सर्वांत आधी कोरडे पाडते.

पेटी लाकडीच हवी असा आग्रह धरणाऱ्यांनी लाकूड कोणते ते नीट पाहावे. सिगारच्या पेटीला वापरतात ते स्पॅनिश सीडर, म्हणजे सेड्रेला ओडोराटा. त्याच्या नावात सीडर असले तरी ते आपल्या हिमालयातल्या देवदाराचे कोणी लागत नाही. देवदार पाइनच्या कुळातला, उग्र तेलाचा, आणि त्याचा वास सिगारमध्ये कायमचा उतरतो. स्पॅनिश सीडर हे कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातले झाड आहे, आणि आपल्याकडचा तून हा त्याचा जवळचा भाऊबंद. इतका की त्याला पूर्वी सेड्रेला याच गटात धरत. हे लाकूड ओल मुरवून ठेवते, हळूहळू परत देते आणि त्याचा वास तंबाखूशी भांडत नाही. नवी पेटी मात्र स्वतःच तहानलेली असते. तिच्यात थेट सिगार ठेवले तर ती त्यांचेच पाणी पिते. त्यासाठी ८४ टक्क्यांची पाकिटे घालून ती दोन आठवडे बंद ठेवण्याची रीत आहे. ओल्या फडक्याने आतून पुसणे टाळावे, कारण लाकूड पिळवटते आणि झाकण बसेनासे होते. खरे सांगायचे तर आपल्या हवेत रबरी कडा असलेला, वासमुक्त प्लास्टिकचा किंवा काचेचा हवाबंद डबा, त्यात या लाकडाची एक-दोन फळकुटे आणि एक पाकीट, हे देखण्या पण फटीच्या पेटीपेक्षा कितीतरी अधिक भरवशाचे आहे.

डबा कुठे ठेवायचा, याचा विचार उन्हाळ्यासाठी करावा लागतो. वरच्या मजल्याची, थेट स्लॅबखालची खोली आणि पोटमाळा या दोन्ही जागा बाद. भिंतीला टेकलेले लोखंडी कपाटही दुपारी तापते. जुन्या, जाड भिंतींच्या घरातले माजघर आणि त्यातही जमिनीलगतचा कप्पा सर्वांत समतोल असतो. थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवला तर दिवस-रात्रीचा चढउतार आणखी कमी होतो. फ्रिज हा उपाय नव्हे; आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमधली हवा अतिशय कोरडी असते आणि लसणाच्या चटणीचा वास कोणत्याही डब्याला जुमानत नाही.

उष्णतेची खरी भीती आहे ती किड्याची. तंबाखूचा भुंगेरा, लासिओडर्मा सेरिकॉर्ने, हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी कीटक आपल्या परिसराला चांगलाच परिचित आहे, कारण तो तंबाखूइतक्याच आवडीने साठवलेली हळद आणि मिरचीही पोखरतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत त्यामागे हेही एक शहाणपण होते. बंद पेवातला प्राणवायू संपत आला की आत किडा जगू शकत नाही. सिगारमध्ये त्याची अंडी पानाबरोबरच येऊ शकतात आणि तापमान २४-२५ अंशांच्या पुढे राहू लागले की ती उबण्याची शक्यता वाढते. टाचणीने टोचल्यासारखे गोल छिद्र आणि खाली पडलेली तपकिरी भुकटी ही त्याची खूण. असा बोगदा पडलेला सिगार आर्द्रता कितीही जपली तरी सरळ जळत नाही, कारण हवा भलत्याच वाटेने आत शिरते. अनेक उत्पादक माल पाठवण्यापूर्वीच गोठवून घेतात. शंका असल्यास सिगार दोन घट्ट पिशव्यांत बंद करून उणे १८ अंश किंवा त्याखाली चार-पाच दिवस ठेवावेत, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि एक दिवस खोलीत, पिशवी न उघडता. ही पायरी गाळून गोठलेला सिगार थेट कोल्हापूरच्या दमट हवेत काढला तर त्यावर दव धरते आणि वेष्टण फाटते.

बुरशीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पांढऱ्या थराला ‘तेलाचा फुलोरा’ म्हणून मिरवण्याची पद्धत आहे; तो थर लोकरीसारखा, ठिपक्याठिपक्यांचा किंवा हिरवट असेल तर ती बुरशी समजावी, आणि सिगारच्या पायथ्याकडून ती आत गेलेली दिसली तर तो सिगार टाकून द्यावा.

सगळे बरोबर ठेवूनही सिगार वाकडा जळत असेल तर साठवणुकीबाहेरची कारणे पाहावीत. पंख्याखाली किंवा रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या वाऱ्यात बसल्यास वाऱ्याकडची बाजू पुढे पळणारच. पेटवताना पायथा सगळीकडून सारखा लाल होईपर्यंत ज्योत थोडी दूर धरून फिरवावी. पहिल्या मिनिटात वाकडा झालेला निखारा बहुधा तसाच चालत राहतो. मिनिटाला एकापेक्षा जास्त झुरके घेतले तर योग्य ओलीचा सिगारही तापतो. आणि सावकाश जळणारे पान कारागिराने मध्यापासून सरकवून बसवले असेल, तर त्याला घरी काही उपाय नाही.

राहता राहिली खात्री करण्याची पद्धत. आर्द्रतामापकापेक्षा मला वजनकाटा अधिक प्रामाणिक वाटतो. गुजरीत सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान काटा आता स्वस्तात मिळतो. खोक्यातल्या एका सिगारच्या कागदी कड्यावर पेन्सिलीने खूण करावी, त्याचे वजन वहीत लिहावे आणि महिन्यातून एकदा तोच सिगार तोलावा. १०.०० ग्रॅमचा सिगार १०.३० झाला असेल तर गाभ्यासकट सबंध सिगारने तीन टक्के पाणी घेतले आहे, मग आर्द्रतामापक काहीही म्हणो. असा सिगार खोलीत उघडा ठेवून सुकवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण श्रावणात कोल्हापूरच्या खोलीत तो सुकण्याऐवजी आणखी जड होईल. त्याला ६२ च्या पाकिटाबरोबर वेगळ्या बंद डब्यात तीन-चार आठवडे ठेवावे लागते. कोरडा पडलेला सिगारही एकदम ६९ वर नेऊ नये. आधी ६२ वर, दोन-तीन आठवड्यांनी ६५ वर, म्हणजे गाभा फुगण्याआधी वेष्टणाला सैल व्हायला अवसर मिळतो. उडून गेलेली सुगंधी तेले मात्र परत येत नाहीत. मी वजन वर्षातून तीनदा तरी नक्की घेतो: वळवाचे पहिले पाऊस पडून गेल्यावर, गणपती उठल्यावर आणि दसऱ्यानंतर. दसऱ्याचे वजन मेच्या वजनाशी एक-दोन शतांश ग्रॅमच्या फरकाने जुळले तर पाकीट न बदलता डबा संक्रांतीपर्यंत तसाच बंद ठेवतो.